टिलीचा ओढा ऑगस्टात आटतो

आमच्या बिट्सी गाईने त्याची नारिंगी फीत खाल्ली नसती, तर मी त्याच्याशी बोललेही नसते. कंपनीच्या माणसांशी बोलायचं नाही, अशी बाबांची सक्त ताकीद होती.

मार्च संपत आला होता. डोंगराच्या सावलीत बर्फाचे उरलेसुरले तुकडे, वरून बारीक पाऊस, आणि खाली टिलीचा ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता. ही टिली कोण, हे आमच्या खोऱ्यात कुणालाच ठाऊक नाही, पण ओढा तिचा. मी गाई मोजायला खाली उतरले, तर एक उंच, हडकुळा तरुण छातीपर्यंत रबरी विजार चढवून बिट्सीच्या मागे चिखलातून धावत होता. काठावरच्या झाडांना खुणेसाठी बांधायच्या फितीचं एक टोक बिट्सीच्या तोंडात होतं, दुसरं त्याच्या हातात.

"सोडा," मी म्हणाले.

"मी, की ती?"

"तुम्ही. तिनं आजवर काहीही सोडलेलं नाही."

त्याने सोडली. बिट्सीने उरलेली फीत शेवयांसारखी तोंडात ओढून घेतली आणि आमच्याकडे पाठ फिरवली.

"तिला काही होणार नाही ना?" त्याने काळजीने विचारलं.

"मागच्या वर्षी तिनं बाबांचा हातमोजा खाल्ला होता. त्रास बाबांनाच झाला."

तो हसला. नाकाच्या शेंड्यावरून पावसाचा थेंब ओघळला, तो त्याने बाहीने पुसला आणि बाहीचा चिखल गालाला लागला. मला सांगावंसं वाटलं... पण नाही सांगितलं. चिखल लागलेला तो बरा दिसत होता.

त्याचं नाव रीस पेटिट. चाळीस मैलांवर राहायचा. खाणीच्या कंपनीसाठी ओढे, झरे, विहिरी मोजणं हे त्याचं काम. आमच्याकडे जमिनीखाली सहाशे फुटांवर एक यंत्र कोळशाचा थर कापत पुढे सरकतं आणि मागचं छत कोसळू देतं. मग वरची जमीन खाली बसते, कुठे दोन फूट, कुठे चार. म्हणून खाली शिरण्याआधी वर कुठे काय वाहतंय ते लिहून घ्यावं लागतं.

"हा ओढा बारा महिने वाहतो का?" ओल्या कागदावर पेन्सिल टेकवून त्याने विचारलं.

आता सांगते मी काय केलं.

बाबा पशुखाद्याच्या दुकानातून एक बातमी घेऊन आले होते. ओढा बारमाही निघाला की सरकार दोन्ही काठांना कुंपण घालतं आणि गाईंना पाण्यावर जाऊ देत नाही, म्हणे. आमच्या चौदा गाई त्या ओढ्यावरच जगतात. बाबांनी खाणीत एकवीस वर्षं काढली, पाठ मोडून घेतली, आणि आता त्यांच्याजवळ त्या गाई सोडून दुसरं काही नाही. त्यामुळे सकाळी अंडी खाताना मला पढवून ठेवलं होतं.

"ऑगस्टात आटतो," मी म्हणाले.

"पूर्ण?"

"ठणठणीत."

खोटं बोलले की माझे कान लाल होतात. त्या दिवशी कानांवर लोकरीची टोपी होती. त्याने लिहून घेतलं, मला सही करायला लावली, खाली आपली केली.

"आज काय वार?" त्याने कागद पिशवीत सरकवत विचारलं.

"बुधवार."

"म्हणजे परवा शुक्रवार. ईस्टरच्या आधीचे शुक्रवार, मटण-चिकन बंद... इथे कुठे चांगला मासा मिळतो?"

"फायर हॉलमध्ये, आगीचे बंब ठेवतात तिथे. माझी आत्या तळते. पण ती कंपनीच्या माणसांना शेपटीकडचा तुकडा देते."

"चालेल," तो म्हणाला. "मला शेपटी आवडते."

कुणालाही शेपटी आवडत नसते. मी घरी येईपर्यंत हसत होते.

*

ओलिव्ह आत्याने त्याला खरोखरच शेपटी दिली. वर कोबी आणि शेवयांची हलुश्की एवढीशीच वाढली. मग त्याने ताट साफ करून परत वाढायच्या खिडकीशी उभं राहून विचारलं, "आत्या, एवढीच होती का हो?" तशी ती विरघळली.

"हा तुझ्यासाठी आलाय," ती माझ्या कानाशी पुटपुटली.

"माशासाठी आलाय."

"कोरीन, तो राहतो तिथे नदी आहे, समुद्र नसला म्हणून काय झालं. मासा तिथेही मिळतो."

त्यानंतर शुक्रवार असो-नसो, तो येत राहिला. मी शाळेची बस चालवते. दुपारची फेरी संपवून बस डेपोत लावली की त्याची पांढरी गाडी फाटकाशी उभी असायची. आम्ही कस्टर्डच्या, म्हणजे घट्ट आइस्क्रीमच्या, गाड्यावर जायचो, कधी नुसतंच टेकडीवर गाडी लावून बसायचो. तो हळूहळू 'तू' म्हणू लागला. मी जरा आधीच म्हणू लागले होते.

एकदा मी विचारलं, "यंत्र खालून जातं तेव्हा वर काय वाटतं?"

"काहीच नाही. फक्त एखाद्या दिवशी दार लागत नाही. काल लागत होतं, आज लागत नाही. मग कपाटातल्या बश्या वाजतात. पाण्याचं मात्र... पाणी कुणाला सांगून जात नाही."

मी त्याचा हात धरला. खरं सांगायचं तर भीतीने धरला, पण त्याला ते वेगळं वाटलं, आणि मीही मग वेगळंच वाटू दिलं.

*

मेच्या शेवटी टेकडीपलीकडच्या व्हुकिचकाकूंचा ओढा गेला. गेला म्हणजे एका दुपारीच गेला. त्या कपडे वाळत घालत होत्या, खळखळ ऐकू येत होती. शेवटची चादर टाकली आणि त्यांच्या लक्षात आलं की काहीच ऐकू येत नाही.

त्यांचा फोन आला म्हणून मी धावत गेले. दगड अजून ओले होते, मधलं पाणी नव्हतं. पात्रातल्या कातळाला माझी मूठ जाईल एवढी भेग पडली होती. खळग्यांमध्ये बोटाएवढे मासे तडफडत होते, आणि पंचाहत्तर वर्षांच्या व्हुकिचकाकू गुडघ्यांवर बसून ते स्वयंपाकाच्या चाळणीत गोळा करत होत्या.

"तुमच्याकडे सोडू या," त्या म्हणाल्या. "टिलीत पाणी आहे ना अजून?"

"आहे," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

आम्ही बादल्या भरभरून ते मासे आमच्या ओढ्यात सोडले. सिकामोरच्या पांढऱ्या खोडांखाली पाणी थंडगार होतं, काठावर जंगली तेरडा गुडघाभर वाढला होता. मासे क्षणभर गोंधळले आणि मग सावलीत पसार झाले. काकू काठावर बसून रडल्या. मी त्यांच्या शेजारी बसले.

आठवड्याभरात कंपनीने त्यांच्याकडे पंप आणले, नळ्या टाकल्या, भेगा बुजवायला माणसं आली. अंगणात पाण्याची मोठी टाकी आली. आमच्याकडे त्या टाकीला म्हैस म्हणतात. ज्याच्या दारात म्हैस उभी, त्याची विहीर गेली असं समजायचं.

"निदान दुरुस्ती तरी करतायत," मी रीसला म्हणाले. आम्ही त्याच्या गाडीत बसलो होतो, जून लागला होता.

"करावीच लागते. त्यांचा ओढा कागदावर बारमाही आहे." तो सहज बोलत होता. "तसा ओढा असला की त्याच्याखाली कापायला परवानगीच अवघड. बहुतेक वेळा कोळसा कापायचा पट्टा ओढ्याच्या अलीकडे थांबवायला लावतात. काकूंच्या वेळी कंपनीने भेग पडणार नाही म्हणून लिहून दिलं होतं, आता निस्तरतायत."

"आणि... जो बारमाही नसतो?"

"उन्हाळ्यात आटतो तो? त्याचं काय, तो तर आटतोच. खालून सरळ जातात."

"दुरुस्ती?"

"कशाची करणार? कागदावर पाणीच नाही." मग त्याला आठवलं असावं. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. "तुमच्या टिलीबद्दल वाईट वाटतं मला, कोरीन. वसंतात किती सुंदर असतो. पण ऑगस्टात तसाही..."

"हो," मी म्हणाले. "तसाही."

गाडीत मी टोपी घातली नव्हती. केस मोकळे सोडले होते, तेवढ्यावर निभावलं.

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात म्हणतात. आम्ही बापलेकींनी तर तो उचलून नेम धरून टाकला होता. गाई वाचवायला ओढा कागदावरून पुसला, आणि आता कागदावर नसलेल्या ओढ्याखाली यंत्र येणार होतं. दिवसाला साठ फूट. नवा पट्टा ऑक्टोबरात आमच्या खोऱ्याखाली शिरणार होता. त्याआधी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी फायर हॉलमध्ये राज्याच्या अधिकाऱ्यासमोर सुनावणी होती. ज्याला हरकत घ्यायची त्याने तिथे घ्यायची, नंतर नाही.

हरकत घ्यायला मला एकच वाक्य बोलावं लागणार होतं. मी खोटं बोलले. पण त्या खोट्याखाली रीसची सही होती. पाणी न तपासता सही करणाऱ्याला कोण कामावर ठेवतं? आणि मुळात मी खोटं बोलले, त्याच्या तोंडावर, पहिल्याच भेटीत, आणि नंतर तीन महिने त्याच्या गाडीत बसून कस्टर्ड खाल्लं... हे ऐकल्यावर तो माझ्याकडे त्या चिखल लागलेल्या चेहऱ्याने परत कधी बघेल का? ओढा गमवायचा की त्याला, एवढंच ठरवायचं होतं. मी काहीच ठरवत नव्हते, नुसती घाबरत होते.

*

जुलैपासून मी एक नवं काम सुरू केलं. रीसला ओढ्यापासून लांब ठेवायचं.

"तुझ्या घरी कधी बोलावणार?" तो विचारायचा.

"बाबांची पाठ धरलीय."

पुढच्या आठवड्यात, "आता बरी आहे ना?"

"आता ओसरीला रंग देतोय."

"मी मदत करतो."

"नको. वळू सुटलाय."

"रंगात?"

"रीस, तू फार प्रश्न विचारतोस."

तो हसायचा, पण दर वेळी थोडं कमी हसायचा. त्याला वाटायचं, मला त्याची लाज वाटते. कंपनीचा माणूस, बाबांसमोर कसा आणायचा. त्याला तसं वाटतंय हे मला दिसत होतं, आणि मी ते वाटू देत होते, कारण खरं कारण त्याहून वाईट होतं. चोराच्या मनात चांदणं. त्याने नुसता 'पाणी' शब्द उच्चारला तरी मी विषय बदलायची.

ऑगस्ट कोरडा गेला. असा कोरडा की मक्याची पानं गुंडाळली गेली, फायर हॉलच्या मागचा नाला भेगाळला, लोक बोलू लागले. मी रोज सकाळी ओढ्यावर जायची. एके दिवशी काठावर उभी राहून मी देवाला म्हणाले, आटव ना. एकदाच आटव. म्हणजे मी खोटी ठरणार नाही.

टिली वाहत होती. बारीक झाली होती, पण वाहत होती. डोंगराच्या पोटातून येणारं तेच थंड पाणी, त्याच दगडांवरून. व्हुकिचकाकूंचे मासे सावलीत उभे होते. मला माझी इतकी शरम वाटली की मी खाली बसून हात पाण्यात घातले आणि गारठेपर्यंत काढले नाहीत.

त्याच आठवड्यात, दुपारी, मी घरी आले तर फाटकाशी पांढरी गाडी उभी होती. आत कुणी नव्हतं.

मी उतारावरून पळत सुटले.

रीस ओढ्यात उभा होता. बूट काढून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. पाणी त्याच्या घोट्याभोवती फिरून पुढे जात होतं. काठावर मिठाची गुलाबी वडी ठेवलेली, गाई चाटतात ती.

"बिट्सीसाठी आणली," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "म्हटलं, तुझ्या बाबांना एकदा भेटावंच. सरळ विचारावं, माझ्यात काय खोट आहे."



तो वाकला, एक चपटा दगड उलटला. खाली बोटभर लांबीचं, तांबूस, मऊ, पालीसारखं काहीतरी वळवळलं. त्याच्या मानेशी पिसांसारखे कल्ले होते.

"सॅलॅमँडरचं पिल्लू. याला पाण्याबाहेर यायला तीन वर्षं लागतात." त्याने दगड हळूच होता तसा ठेवला. "तीन ऑगस्ट, कोरीन."

"रीस..."

"ठणठणीत म्हणालीस तू."

"खोटं बोलले." एकदा सुरुवात झाल्यावर थांबता येईना. मी कुंपणाचं सांगितलं, गाईंचं, बाबांच्या पाठीचं, ओसरीचा रंग आणि सुटलेला वळू. "मला वाटलं, एवढंसं तर आहे. कागदावरची एक ओळ. मग काकूंचा ओढा गेला... आणि मग तू होतास. तू नसतास तर मी जूनमध्येच सांगितलं असतं."

"म्हणजे माझ्यामुळे सांगितलं नाहीस."

"तुझी सही आहे त्याखाली."

"ठाऊक आहे मला कुणाची सही आहे." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. तो पाण्यातून बाहेर आला, बूट हातात घेतले, आणि माझ्या शेजारून जाताना क्षणभर थांबला. मला वाटलं, काही म्हणेल. त्याच्या बाहीचा स्पर्श झाला माझ्या दंडाला, एवढंच.

गाडी गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्यानंतर सुनावणीपर्यंत नऊ दिवस त्याचा फोन नाही, निरोप नाही. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा वाजून वाजून थांबला.

*

"मी शनिवारी खरं सांगणार आहे," मी बाबांना गोठ्यात म्हणाले.

ते बिट्सीच्या पाठीला ब्रश करत होते. हात थांबला नाही. "कुंपण घालतील."

"घालू देत."

"गाईंना काय पाजू? कंपनीच्या म्हशीतलं?"

"बाबा, कुंपणाच्या आत ओढा तरी असेल. आत्ता आपण कुंपण वाचवतोय आणि ओढा देतोय."

ते बराच वेळ ब्रश करत राहिले. त्या गाईला एवढा ब्रश कुणी जन्मात केला नसेल. "खाली मी एकवीस वर्षं होतो," शेवटी ते म्हणाले. "वरून पाणी ठिबकायचं आमच्या अंगावर. आम्ही विचारायचो नाही ते कुणाचं आहे." मग त्यांनी ब्रश खिळ्याला अडकवला. "शनिवारी किती वाजता?"

"दहा."

"चर्चचा कोट काढून ठेव माझा."

*

फायर हॉल खचाखच भरला होता. आगीचे बंब बाहेर काढून आत घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ओलिव्ह आत्या मागच्या खिडकीत कॉफी ओतत होती. पुढे लांब टेबलाशी राज्याच्या अधिकारी बाई, चष्मा दोरीने गळ्यात; शेजारी प्रत्येक शब्द यंत्रावर टिपून घेणाऱ्या एक वयस्कर बाई. डाव्या हाताला कंपनीची माणसं. त्यांत रीस होता, त्याच्या साहेबांच्या, मिस्टर ड्रमंड यांच्या शेजारी, टाय बांधून. त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

भिंतीवर नकाशा होता. आमच्या खोऱ्यावरून लाल पट्टा आरपार गेलेला. टिलीच्या जागी तुटक रेघ होती, आटणाऱ्या ओढ्यांची असते तशी.

माझं नाव पुकारलं. बाबांनी कोपराने ढोसलं. पुढे जाऊन मी हात वर केला, शपथ घेतली, आणि लोकांकडे पाहण्याची चूक केली. ते सगळे मला लहानपणापासून ओळखणारे होते. त्यांची पोरं माझ्या बसमध्ये बसतात.

"टिलीचा ओढा ऑगस्टात आटत नाही," मी म्हणाले. "कधीच आटलेला नाही. मार्चमध्ये मी खोटं सांगितलं आणि सही केली. चूक माझी आहे. ज्यांनी ते लिहून घेतलं त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा दोष."

खुर्च्या करकरल्या. बाबा जागेवरूनच उठले. "तिला मी सांगायला लावलं. कुंपणामुळे."

"कसलं कुंपण?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"ते... ओढा बारमाही निघाला की तुम्ही घालता ते. गाईंना बंदी करता."

बाईंनी चष्मा लावला आणि बाबांकडे नीट पाहिलं. "मिस्टर हुडाक, असं कुंपण आम्ही सक्तीनं घालत नाही. कुणाला घालायचं असेल तर मदत करतो. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मागच्या रांगेत पशुखाद्याच्या दुकानाचा मालक अचानक बुटाची नाडी बांधू लागला. नसलेल्या कुंपणापायी आम्ही हे सगळं केलं होतं. बाबा खाली बसले, तेव्हा मला ते पहिल्यांदा म्हातारे दिसले.

मी बाबांच्या शेजारी जाऊन बसले, तोच मिस्टर ड्रमंड उठले. कोऱ्या चेहऱ्याचा माणूस. "मार्चमध्ये एक सांगायचं, आता सोयीचं दुसरं. आमची मोजणी रीतसर झाली आहे. नोंद जागेवर केलेली आहे."

"मोजणी कुणी केली?" बाईंनी विचारलं.

रीस उभा राहिला. त्याला एवढंच म्हणायचं होतं की ओढा कोरडाच असणार, ही मुलगी खोटारडी आहे. ते अर्धं खरंही होतं. नोकरी वाचली असती, आणि माझ्यावर रागवायला त्याला पुरेपूर कारण होतं.

"मी केली," तो म्हणाला. "मिस हुडाक आज खरं बोलतायत. याच ऑगस्टात मी स्वतः त्या पाण्यात उभा होतो. दगडाखाली सॅलॅमँडरची पिल्लं आहेत, दोन वर्षांची, तीन वर्षांची. ओढा बारमाही आहे."

"पेटिट, बसा," मिस्टर ड्रमंड म्हणाले.

तो बसला नाही.

"दगड उलटून पाहायचे असतात ते मोजणीच्या दिवशी," अधिकारी बाई कागद चाळत म्हणाल्या. "दहा ठिकाणी. इथे दहाही रकाने रिकामे आहेत. मार्चमध्ये किती उलटलेत?"

"एकही नाही."

"कारण?"

रीसने टायची गाठ सैल केली. सगळा हॉल थांबला होता. आत्याच्या हातातली किटलीसुद्धा वाकडी राहिली होती.

"मी तिच्याकडे बघत होतो," तो म्हणाला.

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. टिपून घेणाऱ्या बाईंनी मान वर केली. "माफ करा, परत सांगाल? नोंदीत जायला हवं."

"मी तिच्याकडे बघत होतो. दगडांकडे बघायचं राहिलं." त्याचे कान लाल झाले होते. मला वाटायचं, हे फक्त खोटं बोलल्यावर होतं. "चूक माझी आहे, तिची नाही. ती काहीही म्हणाली असती तरी काम माझं होतं."

मिस्टर ड्रमंड यांनी हात पुढे केला. रीसने खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या, गळ्यातलं ओळखपत्र काढलं, दोन्ही त्यांच्या तळहातावर ठेवलं. सगळ्यांसमोर, शनिवारी सकाळी, कॉफी निवायच्या आत त्याची नोकरी गेली. तो कडेच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. कुठे बसावं ते त्याला समजत नव्हतं, कारण आता तो कुठल्याच बाजूचा नव्हता.

अधिकारी बाईंनी बराच वेळ लिहिलं. "या नोंदीवर हा पट्टा पुढे जाऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "नव्याने मोजणी होईल. तोवर यंत्र खोऱ्याच्या अलीकडे थांबेल. ओढा बारमाही ठरला तर ते तिथूनच मागे वळेल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. व्हुकिचकाकूंनी फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला. शेजारच्या पट्ट्याने जमीन किती हलवली आहे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. पुढच्या वसंतात टिलीच्या कातळाला भेग पडणार नाही, असं लिहून देणारा कुणी तिथे नव्हता. 

"आणखी कुणाला काही सांगायचंय?" बाईंनी विचारलं.

कुणी हललं नाही. रीस दाराकडे निघाला होता. चाळीस मैल, आणि गाडी नाही. तो त्या दारातून बाहेर गेला की चालत राहील आणि मागे बघणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं, आणि उन्हाळाभर जी भीती वाटली ती याच्यापुढे काहीच नव्हती.

माझा हात वर गेला.

"मिस हुडाक? ओढ्याबद्दलच आहे ना?"

"नाही... म्हणजे हो, तिथलंच आहे." रीस दारात थांबला होता. "मी अजून शपथेवर आहे का?"

"आहात."

"मग लिहून घ्या," मी म्हणाले. "मार्चमध्ये मीही दगडांकडे बघत नव्हते. मला हा माणूस तेव्हापासून आवडतो. मी त्याच्याशी बाकी सगळं खोटं बोलले, कस्टर्डच्या गाड्यावरचं सोडून. तो गेला तर... मला नाही जमणार."

आत्या खिडकीतून म्हणाली, "अरे, कुणीतरी त्या मुलाला खुर्ची द्या."

बाबांनी शेजारच्या खुर्चीवरून आपला कोट उचलला आणि मांडीवर घेतला. बराच वेळ दारात घोटाळून रीस आला, त्या खुर्चीत बसला, आणि बाबांच्या पलीकडून वाकून त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

टिपून घेणाऱ्या बाईंची बोटं यंत्रावर तशीच होती. "पोरी, सावकाश," त्या म्हणाल्या. "'तो गेला तर' इथपर्यंत आलंय माझं. पुढचं परत सांग."